यादीत नसलेल्या पोरांपर्यंत: मिरकरवाड्यातला माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात १८ ते २५ वयाच्या खलाशांच्या आरोग्याची पाहणी करायची होती. मावा, दारू, अपुरी झोप, हातापायाच्या जखमा, लैंगिक आजारांचा धोका, असे विषय. पहिला प्रश्न होता, ही पोरं निवडायची कुठून? घरोघरच्या यादीत ती सापडत नाहीत, कारण बरीचशी बोटीवरच झोपतात. नेपाळ, उत्तर प्रदेश, कर्नाटकातून आलेल्यांची नावं इथल्या रेशनकार्डावर असणार कशी? जेटीवर भेटेल त्याला विचारत सुटलो असतो, तर मोकळेपणाने बोलणारेच तेवढे हाती लागले असते.

म्हणून ओळखीतून ओळख काढत जाण्याची पद्धत घेतली. समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी ती १९९७ साली मांडली. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात इंजेक्शनने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्ही रोखण्याचं काम चाललं होतं, त्यातून ती निघाली. सुरुवातीला चार-पाच जण आपण निवडायचे. प्रत्येकाची मुलाखत झाली की त्याला तीन कुपनं द्यायची, ती त्याने आपल्या ओळखीतल्या तिघांना द्यायची. मुलाखतीचा थोडा मोबदला, आणि आपण पाठवलेला माणूस आला की आणखी थोडा. तीनाची मर्यादा फार महत्त्वाची. नाहीतर एकच बोलघेवडा सगळं बंदर घेऊन येईल.

नीतिसमितीची मंजुरी मिळायला वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. मोबदला बोटीवरच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी ठेवला, म्हणजे केवळ पैशांसाठी कोणी नको ते सांगायला बसणार नाही. कुपनं तांडेलाच्या, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाच्या, किंवा मालकाच्या हाती द्यायची नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. तांडेलाने ‘जा रे’ म्हटलं की पोरगा येतो, पण ती संमती नव्हे. कुपनावर नाव नाही, फक्त क्रमांक. आधारकार्ड मागायचं नाही. एकाने मित्राला पाठवण्याआधी मला विचारलं, “सर, तो येईल, पण कागदपत्रं मागणार नाय ना?” नाही म्हणालो, तेव्हाच त्याने कुपनं खिशात घातली.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. परगावचे गावी जातात, ओळखींची माळ तुटते. म्हणून बोटी सुटल्यावर काम सुरू केलं. कुपनाची मुदत लांबवावी लागली, कारण पोरगा एकदा समुद्रावर गेला की कधी परतेल ते मासळीवर. कागद भिजून लगदा होई, म्हणून प्रत्येक कुपन प्लास्टिकच्या पाकिटात. मुलाखतींची खोली जेटीपासून थोडी लांब घेतली. पहाटेच्या लिलावानंतर माल उतरवून, आंघोळ करून पोरं यायची.

सगळ्यात जड प्रश्न दिसायला साधा होता: ‘या बंदरातले, तुझ्या वयाचे किती खलाशी तुला ओळखतात आणि तू त्यांना ओळखतोस, आणि गेल्या महिन्यात त्यातले किती भेटले?’ हिशेबाचा सगळा पाया तोच. ज्याच्या चाळीस ओळखी, त्याच्यापर्यंत कुपन पोहोचण्याची शक्यता पाच ओळखीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून विश्लेषणात चाळीसवाल्याच्या उत्तरांचं वजन त्या प्रमाणात कमी धरतात. “लय जण” असं उत्तर आलं की मी बोटीबोटीने मोजायला बसवायचो. घाई केली असती तर पुढची सगळी टक्केवारी पोकळ ठरली असती.

दुसरी काळजी म्हणजे माळ एकाच गटात फिरत राहण्याची. नेपाळी पोरगा नेपाळ्यालाच कुपन देणार, कोळीवाड्यातला कोळीवाड्यातल्याला. त्यामुळे सुरुवातीचे तरुण वेगवेगळ्या गटांतून, वेगवेगळ्या प्रकारच्या बोटींवरून घेतले आणि दर फेरीनंतर कोणी कोणाला आणलं याचा नकाशा काढला. मिश्र खलाशी असलेल्या बोटींवरूनच गट ओलांडले गेले. शिवाय सगळे ओळखीतून आलेले, म्हणून बरेचसे एकमेकांसारखे; त्यामुळे साध्या यादृच्छिक निवडीपेक्षा (चिठ्ठ्या टाकून निवडतात तशी) निदान दुप्पट नमुना लागतो. निधी देणाऱ्यांना हे पटवून देणं मला क्षेत्रकामापेक्षा अवघड गेलं. आंब्याच्या बागांत राखण करणाऱ्या पोरांपर्यंत मात्र माळ गेली नाही, आणि अहवालात मी तसं स्पष्ट लिहिलं. ही पाहणी बंदराची आहे, आंब्याच्या बागांची नाही.

मुलाखतीनंतर लागेल त्याला सरकारी रुग्णालयातल्या मोफत एचआयव्ही तपासणीची चिठ्ठी देत होतो. एकटी पोरं जाईनात. पण ज्याने कुपन दिलं होतं, तोच सोबत जायला तयार व्हायचा. अहवालात म्हणूनच मी मागणी केली आहे की खलाशांसाठी तपासणी दुपारनंतरही ठेवावी आणि सोबत आलेल्या मित्राला बाहेर बसायला जागा द्यावी.