झुलत्या पुलावरून पलीकडे, आणि मुख्य म्हणजे परत

व्हँकुव्हरला भाचीकडे गेलो तेव्हा जो भेटे तो एकच विचारे, "कॅपिलानो झालं का?" कॅपिलानो म्हणजे तिथला प्रसिद्ध झुलता पूल. जणू तो झाल्याशिवाय कॅनडातून बाहेर सोडत नाहीत. मी दर वेळी हसून विषय बदलत असे. मला उंचीची भीती आहे. थोडीथोडकी नाही, चांगली पोटात गोळा येणारी. पण ह्यांनी आणि भाचीने तिकिटं काढून टाकली, तेव्हा माझ्यापुढे प्रश्न 'जायचं की नाही' हा उरला नाही, 'कसं' हा उरला.

भीती वाटली की मी वाचत सुटते. बाकीचे लोक देवाचं नाव घेतात, मी माहिती गोळा करते. त्यामुळे जायच्या आधीच मला त्या पुलाची कुंडली पाठ झाली होती. कॅपिलानो नदीच्या घळीवर, पाण्यापासून सुमारे 70 मीटर उंचीवर, जवळजवळ 140 मीटर लांबीचा हा पूल. पहिला पूल 1889 साली जॉर्ज ग्रँट मॅके या स्कॉटिश इंजिनिअरने बांधला. त्याने घळीच्या दोन्ही बाजूंचं जंगल विकत घेतलं होतं आणि पलीकडे जायची सोय हवी होती. तेव्हा तागासारख्या वाखाचे दोर होते आणि त्यावर देवदाराच्या फळ्या. 1903 मध्ये दोर जाऊन तारेचे केबल आले आणि आजचा पूल 1956 साली नव्याने बांधलेला आहे. म्हणजे आपण ज्यावरून जाणार तो एकोणिसाव्या शतकातला नाही, एवढं कळल्यावर मला पहिला हुरूप आला.

दुसरा हुरूप आला तो पूल का हलतो, याचं उत्तर वाचून. या पुलाला खाली तुळया नाहीत, खांब नाहीत. चालायची वाट केबलच्याच झोळात टांगलेली. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एका जागी ओली चादर टाकली की तिथे दोरी खाली जाते आणि बाकीची थोडी वर उचलली जाते, इथेही तसंच. माणूस पुढे सरकतो तसा तो खळगाही पुढे सरकतो. म्हणून पन्नास पावलांवर कोणी पाय टाकला तरी तुमच्या पायाखालची फळी हलते. हे हलणं म्हणजे पुलाची ताकद कमी असल्याची खूण नाही. मजबुती वेगळी आणि ताठपणा वेगळा. हा पूल ताठ नाही, पण मजबूत आहे. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं. 2006 च्या हिवाळ्यात वादळात डग्लस फर जातीचा एक प्रचंड वृक्ष पुलाच्या पश्चिम टोकावर पडला, वजन 46 टन. पुलाचं नुकसान झालं, पण तो दरीत गेला नाही. दुरुस्ती होऊन पुन्हा सुरू झाला. आमचं तिघांचं वजन त्या झाडापुढे काय!

पण वाचणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. पुढे मी 1850 सालच्या फ्रान्समधल्या आँजेच्या पुलापर्यंत पोचले. वादळात सैनिकांची तुकडी त्यावरून जात असताना काठावर पक्क्या रोवलेल्या तारा तुटल्या आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तारा आतून गंजलेल्या होत्या. त्याआधी 1831 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॉटनचा पूल कदमताल करत जाणाऱ्या सैनिकांखाली मोडला होता. तेव्हापासून पुलावर सैनिकांनी पावलांचा ठेका मोडून चालावं असा हुकूम निघाला. ते वाचून रात्री झोप लागली नाही, पण त्यातूनच एक कामाची गोष्ट हाती आली. लंडनचा मिलेनियम पूल जून 2000 मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. पूल जरा आडवा डुलला की लोक तोल सावरायला नकळत त्याच्या ठेक्यात पाय टाकू लागत, आणि मग डुलणं आणखी वाढे. शेवटी धक्के शोषणारी उपकरणं बसवून 2002 मध्ये तो पुन्हा खुला केला. याचा अर्थ माझ्यापुरता असा, की पुलाच्या ठेक्यात जायचं नाही आणि पुढच्या माणसाच्या पावलाला पाऊल जुळवायचं नाही.

तिथे पोचणं अगदीच सोपं. डाउनटाउनमधून सीबस नावाची फेरीबोट बारा मिनिटांत लॉन्सडेल की नावाच्या धक्क्याला सोडते, तिथून 236 नंबरची बस थेट दारात. डाउनटाउनमधल्या कॅनडा प्लेसपासून फुकट शटलही असते. तिकीट मात्र चांगलंच महाग आहे, त्यात शंका नाही. ब्रिटिश कोलंबिया या प्रांतात राहणाऱ्यांना एकदाच्या तिकिटाच्या भावात वर्षभराचा पास मिळतो, म्हणून भाची उत्साहात होती. आम्ही सकाळी दार उघडायच्या सुमारास गेलो, कारण पूल रिकामा असेल तर हलेल कमी, हे माझं गणित. गणित बरोबर होतं, फक्त तसाच विचार करणारे इतरही होते.

पुलाच्या तोंडाशी आलो आणि वाचलेलं सगळं डोक्यातून गेलं. वाट सपाट नाही. आधी उतार, मग मध्यावर सगळ्यात खोल, मग चढ. उतार असल्यामुळे सुरुवातीलाच नजर आपोआप खाली जाते आणि खाली फळ्यांच्या फटींतून हिरव्या अंधारात पांढरं पाणी दिसतं. दोन्ही बाजूंना छातीएवढ्या उंचीवर जाड केबल, त्याखाली जाळी. माणूस सहजासहजी पडूच शकत नाही. हे डोळ्यांना पटतं, गुडघ्यांना नाही.

पहिली पंधरा-वीस पावलं मी दोन्ही हातांनी एकच केबल घट्ट धरून, आडवी होऊन चालले. सगळ्यात वाईट पद्धत हीच. अंग एका बाजूला, पाय दुसरीकडे, आणि पुलाचा प्रत्येक हेलकावा हातातून थेट खांद्यात. मागून येणाऱ्यांना वाट द्यायची तर आणखी आक्रसून उभं राहायचं. ह्यांनी पुढे जाऊन मोबाइल काढला होता. भाची मागे होती. ती म्हणाली, "मावशी, पकडू नकोस. हात नुसता वर ठेव, सरकव." मी म्हटलं, तुला काय जातं सांगायला! पण केलं. तळवा केबलवर नुसता टेकवला, सरकवत राहिले, आणि चेहरा पुढच्या टोकाकडे वळवला. तिथे झाडाला लागून लाकडी फलाट दिसत होता, न हलणारा. डोळ्यांना एक न हलणारी गोष्ट मिळाली की डोक्याला बरं वाटतं, हे मी गाडी लागणाऱ्यांकडून ऐकलं होतं. इथे ते पटलं.

मग पाय. ताठ गुडघ्यांनी चाललं की फळी वर येते तेव्हा पायाला ठोसा बसतो. गुडघे जरा ढिले सोडले, पावलं लहान टाकली, तर फळी खालीवर होते आणि कमरेवरचं अंग जवळजवळ स्थिर राहतं. पुढे एक दांडगा माणूस एकसारखी पावलं टाकत चालला होता आणि त्याच्या प्रत्येक पावलाला माझ्या पायाखाली धक्का येत होता. मी थांबले, त्याला बरंच पुढे जाऊ दिलं, मग माझ्या वेड्यावाकड्या तालात निघाले. मिलेनियम पुलाचं वाचन तिथे कामी आलं. मध्यावर काही तरुण पोरं मुद्दाम उड्या मारून पूल हलवत होती. असं करू नये हे प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी ती असतातच. त्यांना मी मराठीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती थांबली, म्हणजे आवाजाची भाषा सगळ्यांना कळत असावी.

चढाच्या बाजूला भीती बरीच ओसरली. चढताना नजर वर असते, आणि पलीकडचं जंगल समोर मोठं होत जातं.

पलीकडे ज्यासाठी लोक जातात ती जागा खरंच सुंदर आहे. जुने डग्लस फर आणि सीडर, शेवाळ लागलेले ओंडके, ओलसर गारवा. 2004 पासून तिथे झाडांच्या खोडांना जोडलेले सात छोटे झुलते पूल आहेत, जमिनीपासून काही ठिकाणी तीस मीटरपर्यंत उंच. झाडांना खिळा किंवा बोल्ट ठोकलेला नाही. खोडाभोवती दाबून धरणारी कडी आहेत आणि झाड वाढेल तशी ती सैल करता येतात. हे मला त्या सगळ्या जागेतलं सर्वांत आवडलेलं काम. मोठ्या पुलानंतर ते छोटे पूल पोरखेळ वाटले, आणि मी ह्यांच्या पुढे चालत होते याची नोंद व्हावी.

तिथल्या एका बाकावर बसून भाचीला मी डटन आणि अॅरनचा प्रयोग सांगितला. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये छापलेला हा निबंध याच पुलावरचा आहे. पूल ओलांडणाऱ्या तरुणांना एक मुलगी प्रश्नावली द्यायची आणि निकाल हवे असतील तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. झुलत्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 पैकी 9 जणांनी फोन केला. नदीच्या वरच्या अंगाच्या भक्कम, बुटक्या पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. छातीतली धडधड भीतीची होती, मुलांनी ती मुलीच्या खात्यावर मांडली. भाची म्हणाली, "मग मावशी, आज काका जास्त देखणे दिसतात का?" मी म्हटलं, ते पुलाच्या मध्यावर मला सोडून फोटो काढत होते, त्यामुळे नाही.

परत यायला दुसरा रस्ता नाही, तोच पूल. तिकिटावर हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, असं माझं मत. तोपर्यंत गर्दी वाढली होती, दोन्हीकडून रांगा, आणि समोरून येणाऱ्याला अंग चोरून वाट देताना पूल सारखा आडवा हलत होता. भीती सकाळपेक्षा कमी होती, वैताग जास्त. वैताग आला की भीतीला जागा उरत नाही, हा शोध मात्र मला कुठल्याही निबंधात सापडलेला नाही. मध्यावर मी थांबले आणि जाळीवरून खाली नीट पाहिलं. नदी अरुंद दिसते, पाणी हिरवंगार, दोन्ही कडांवरून झाडं खाली झुकलेली. हीच नदी थोडं वर 1954 सालच्या क्लीव्हलंड धरणाने अडवली आहे आणि व्हँकुव्हरच्या नळाचं काही पाणी त्यातून येतं.

कड्याला चिकटून काढलेली क्लिफवॉक नावाची अरुंद वाट मी अर्धीच केली. 2011 ची ती, नवी आणि मजबूत. काही ठिकाणी पायाखाली काच आहे. काचेवर पाय ठेवायची सक्ती नाही, म्हणून ठेवला नाही.

लहान मुलांची ढकलगाडी आणि चाकांची खुर्ची पुलावर नेता येत नाही, हे घरून निघण्याआधी लक्षात घ्या. ज्यांना पायऱ्या जड जातात त्यांनी बाकीच्या बागेपुरतं तिकीट परवडतं का याचा विचार करावा. बूट पकड असलेले घाला. व्हँकुव्हरचा पाऊस कधीही येतो आणि ओल्या फळ्या निसरड्या होतात. आणि माझ्यासारख्या भित्र्यांनी आधी उत्तर व्हँकुव्हरमधल्याच लिन कॅन्यनच्या झुलत्या पुलावर जावं. तो कॅपिलानोपेक्षा आखूड, सुमारे 50 मीटर उंचीवर, आणि तिकीट नाही. निम्म्यातून परत फिरलं तरी पैसे गेल्याचं दुःख होत नाही.