आयव्हीआयजीची तारीख आणि चौथा आठवडा

आमच्या घरात नवं कॅलेंडर आलं की आधी आयव्हीआयजीच्या (रक्तदात्यांच्या अँटिबॉडी शिरेतून देण्याच्या) तारखा लाल पेनाने लिहिल्या जातात, मग सणवार. मुलाला एक्सएलए हा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार आहे. बीटीके जनुकातल्या दोषामुळे बी-पेशी तयार होत नाहीत आणि शरीर अँटिबॉडी बनवत नाही. बाहेरून दिलेली आयजीजी (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) साधारण 21 दिवसांत निम्मी होते. चार आठवड्यांनी बाटली लागत असेल, तर शेवटचा आठवडा सगळ्यात कच्चा. घरातले बहुतेक नियम यातूनच आलेत.

निदानासाठी रक्तातल्या आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडी आणि फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी मोजायच्या तपासणीत) सीडी19 पेशी, म्हणजे बी-पेशी, बघतात. या आजारात त्या 2 टक्क्यांच्याही खाली असतात. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, जनुकाची तपासणी तिथे होते. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने दादर गाठलं की परळ जवळच. केईएम हे 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखालचं केंद्रही आहे, तेव्हा आर्थिक मदतीच्या अर्जाची चौकशी त्याच फेरीत करावी. बाटली मात्र नाशिकमध्येच रुग्णालयाच्या डे केअरला लागते.

डोस किलोमागे 400 ते 600 मिलिग्रॅम. 16 किलोच्या मुलाला किमान 6.4 ग्रॅम, 5 आणि 2.5 ग्रॅमच्या बाटल्या मिळून 7.5 ग्रॅम देतात. वजन 20 किलो झालं की तेच 7.5 ग्रॅम किलोमागे 375 वर येतं, म्हणजे अपुरं. मूल अंग धरतंय म्हणून आपण खूश असतो आणि डोस गुपचूप कमी पडत जातो. म्हणून प्रत्येक वेळी आधी वजन, मग प्रिस्क्रिप्शन.

बाटली 2 ते 8 अंशांत हवी, पण गोठली तर वाया. डब्यातला बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळायचा, बाटलीला थेट टेकू द्यायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात औषधाच्या दुकानातून थेट रुग्णालय गाठायचं. हलवायची नाही, फेस येतो. लावण्याआधी ती खोलीच्या तापमानाला आपोआप येऊ द्यायची; गरम पाण्यात धरू नये. बॅच नंबरचं स्टिकर वहीत चिकटवायचं. आदल्या संध्याकाळपासून मुलाला भरपूर पाणी पाजलं की डोकेदुखी कमी होते.

5 टक्क्यांच्या औषधात 7.5 ग्रॅम म्हणजे 150 मिली. पहिला अर्धा तास ताशी 8 मिली, मग दर अर्ध्या तासाने दुप्पट, 64 पर्यंत. साडेतीन तास जातात. घाई केली की थंडी वाजते, पाठ दुखते, ताप येतो. तेव्हा वेग कमी करतात किंवा थोडा वेळ थांबवतात. कंपनी बदलली तर पुन्हा सगळ्यात कमी वेगापासून. त्या दिवशी मुलाला आधीच ताप असेल तर डॉक्टरांना सांगायचं, कारण रिअ‍ॅक्शन जास्त येते. नंतरच्या दोन-तीन दिवसांत डोकं दुखून मान आखडली, उलट्या झाल्या, तर घरी थांबू नये.

नवी बाटली लावण्याआधी रक्त घेऊन ट्रफ आयजीजी, म्हणजे पुढच्या बाटलीआधीची सगळ्यात खालची पातळी, बघतात. डेसिलिटरमागे 500 मिलिग्रॅम हा तळ धरला जातो. छातीचे संसर्ग होत राहिले तर डॉक्टर 700-800 च्या पुढे नेतात किंवा अंतर तीन आठवड्यांवर आणतात. लग्नकार्यासाठी तारीख आठवडाभर पुढे ढकलणं आम्हाला अजिबात मान्य नाही.

बीसीजी आणि पोलिओचे थेंब या जिवंत लसी मुलाला चालत नाहीत. धाकट्या भावंडालाही थेंब नकोत, इंजेक्शनच; थेंबातला विषाणू कित्येक आठवडे शौचातून बाहेर पडतो. पोलिओ रविवारच्या आधी आशाताईंना हे सांगून ठेवावं. शाळेत गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर शेवटची बाटली कधी लागली ते बघायचं: तीन आठवड्यांच्या आत असेल तर बरंच संरक्षण असतं, चौथ्या आठवड्यात मात्र त्याच दिवशी फोन.

या मुलांना जिआर्डियाचे जुलाब चिकटून बसतात. पाणी खळखळ उकळूनच. मळ्यातल्या विहिरीचं पाणी, रामकुंडाचं तीर्थ, कच्च्या दुधाचं पंचामृत, रसवंतीचा बर्फ, सगळं बंद. आजी-आजोबांना वाईट वाटतं. प्रसाद म्हणून सोललेलं केळं द्यायला सांगितलं की त्यांचंही मन राहतं.

100.4 ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. आणि विडाल (टायफॉइडची), डेंग्यू आयजीजी अशा अँटिबॉडीच्या तपासण्यांवर विसंबू नये: त्यात दिसतात त्या रक्तदात्यांच्या अँटिबॉडी, मुलाच्या नव्हे. ब्लड कल्चर, एनएस1 (डेंग्यूसाठी) किंवा पीसीआर, म्हणजे जंतूच थेट शोधणारी तपासणी, मागायची. ही ओळ आम्ही फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली आहे, कारण रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांना एवढी फाइल चाळायला वेळ नसतो.