जागा कोणत्या मार्गाने मिळाली?

"मामा, कॉलेज तर शुल्कमाफीच्या यादीत आहे, मग माझाच अर्ज का नाकारला?" असे भाचीने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला तिच्याच बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचा शुल्कमाफीचा अर्ज मंजूर झाला होता. दोघी इतर मागास प्रवर्गातल्या आणि दोघींच्याही घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आतले.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काचा लाभ ५० ऐवजी १०० टक्के झाला. शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित महाविद्यालये त्यात येतात. खासगी अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या खासगी संस्था) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे येत नाहीत. ही रेघ मला अन्यायाची वाटत नाही. राज्यातल्या खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, त्यामुळे आपल्याला किती रक्कम द्यावी लागेल हे शासनाला ठाऊक असते. अभिमत विद्यापीठांचे शुल्क त्या प्राधिकरणाच्या कक्षेत नाही, आणि जे शुल्क आपण ठरवत नाही त्याची पूर्ण हमी तिजोरीने घ्यावी, असे म्हणणे अवघड आहे.

खरी मेख पुढे आहे. महाविद्यालय पात्र असले तरी त्यातली प्रत्येक जागा पात्र नसते. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्थास्तरावरचे, म्हणजे महाविद्यालयाने स्वतः दिलेले, प्रवेश वगळलेले आहेत. भाचीला कॅपमध्ये दूरच्या गावातली जागा मिळाली होती. ती सोडून तिने घराजवळच्या महाविद्यालयात संस्थास्तरावर प्रवेश घेतला, कारण वसतिगृहाचा खर्च वाचेल असा आमचा हिशोब होता. महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिकाने तिचे प्रवेशपत्र टेबलावर सरळ केले आणि प्रवेशाच्या प्रकाराच्या रकान्यावर बोट ठेवले: 'संस्थास्तर'. दोन महिने तो कागद आमच्या घरी फाइलमध्ये होता, आणि आम्ही त्यावर फक्त महाविद्यालयाचे नाव वाचले होते.

गुणवत्ता यादीनुसार, सर्वांसमोर भरलेल्या जागांनाच सार्वजनिक पैसा द्यावा, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागाही संस्थास्तरावर भरल्या जातात, आणि तिथे येणारी मुले पैशाच्या जोरावर आलेली असतात असे मुळीच नाही. कोणाचा दाखला उशिरा मिळालेला असतो, तर कोणाला गाव सोडणे शक्य नसते. अशा मुलांचा विचार शासनाने वेगळा करावा, असे मला मनापासून वाटते. तोपर्यंत निदान एवढे व्हावे, की संस्थास्तरावरच्या प्रवेशाची रक्कम स्वीकारण्याआधी महाविद्यालयाने 'या जागेवर शुल्कमाफी लागू नाही' हे ठळक मराठीत लिहून त्यावर पालकांची सही घ्यावी, आणि हाच मजकूर कॅपची जागा सोडतानाही विद्यार्थ्याला दिसावा.