माळ्यावर प्लाय टाकण्याआधी तुळया तपासा

माळ्यावर सामान ठेवायचं ठरलं की आधी प्लाय किती लागेल याचा हिशेब सुरू होतो. पण वजन शेवटी येतं ते खालच्या तुळयांवर. पुष्कळदा त्या फक्त खालचं छत धरण्यापुरत्याच घातलेल्या असतात. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्यावर तर काहीच ठेवू नये.

तुळईच्या दोन्ही टोकांना दोरी ताणा आणि मध्ये झोळ किती आहे ते मोजा. १० फुटी तुळईत ८ मिलिमीटरपेक्षा जास्त झोळ आताच असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. तुळई मजबूत करायची असेल तर तिची उंची वाढवण्यात खरा फायदा आहे. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट! टोकं भिंतीत जिथे बसतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवीने पोखरलंय. ते दुरुस्त केल्याशिवाय वर काहीही टाकू नका.

तुळयांचं अंतर दोन फुटांपर्यंत असेल तर १८ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. ८ बाय ४ चा अख्खा शीट तीसेक किलोचा, तो माळ्याच्या तोंडातून जात नाही. लांबीत चिरून २ बाय ८ च्या पट्ट्या करा. पट्टी तुळयांना आडवी टाका, कारण वरच्या थराचे रेषे लांबीत असतात आणि ताकद त्याच दिशेने जास्त मिळते. तुळयांच्या लांबीच्या दिशेने टाकली तर मधे दबते. टोकाचा सांधा तुळईच्या बरोबर मध्यावर घ्या. शेजारच्या ओळीतला सांधा त्याच तुळईवर नको. दोन पट्ट्यांत एक सूत (इंचाचा आठवा भाग) फट आणि भिंतीपाशी तीन सूत फट सोडा, नाहीतर दमट हवेत प्लाय फुगून वर उचलतो.

खिळे अजिबात नकोत. ठोकताना खालच्या प्लास्टरला तडे जातात, शिवाय पुढे खिळे सैल होऊन करकर सुरू होते. ५० मिलिमीटरचे स्क्रू लावा, कडेला सहा इंचांवर, मधे फुटावर. त्याआधी वायरी कुठून गेल्यात ते प्लायवर पेन्सिलने आखून घ्या. वायरिंगच्या जोडण्यांवरची पट्टी मात्र डिंकाने चिकटवू नका, ती कधीतरी उचलावी लागणारच.