आशाताईंना नोबेल : सह्या झाल्या, प्रोफेसर मिळेना

आशाताईंना, म्हणजे सरकारी योजनेतल्या दारोदार फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना, नोबेल शांतता पुरस्कार मिळावा म्हणून आम्ही ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली, तिची ही गोष्ट. आधी कामाचं सांगते. ऑनलाइन सह्या म्हणजे नोबेल शांतता पुरस्कारासाठीचं नामांकन नव्हे. सह्या कितीही जमवा, ओस्लोतली पाच जणांची समिती त्या मोजत बसत नाही. नाव सुचवायचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: देशाच्या संसदेचे सदस्य, मंत्री, आधीचे मानकरी, शांतता संशोधन संस्थांचे संचालक, कुलगुरू आणि इतिहास, सामाजिक शास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्म या विषयांचे प्राध्यापक वगैरे. मुदत ३१ जानेवारी.

सह्यांचं काम मजेत झालं. करोनात आमच्याकडच्या आशाताई ऑक्सिमीटर आणि टेंपरेचर गन घेऊन दारोदार फिरल्या, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि तरी कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’च. पगार नाही, मानधन. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, तेव्हाच आमच्या ग्रुपवर नोबेलची टूम निघाली. मजकूर मी मराठीत लिहिला, भाचीने इंग्रजी केलं, सह्या धो धो आल्या. (सही झाली की साइट पैसे मागते. ते मोहीम चालवणाऱ्याच्या खिशात जात नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहून टाका. मला नातेवाइकांनाही समजावत बसावं लागलं.)

मग प्रोफेसर शोधायला निघाले, आणि सगळा हिवाळा त्यातच गेला.

आपल्याकडे कॉलेजात शिकवणारा प्रत्येक जण ‘प्रोफेसर’. नोबेलच्या यादीत मात्र प्रोफेसर, असोसिएट प्रोफेसर आणि एमेरिटस (निवृत्तीनंतरही मानाने ते पद लावणारे), एवढेच. माझ्या ओळखीचे सगळे निघाले असिस्टंट, नाहीतर तासिका तत्त्वावरचे. त्या बिचाऱ्यांना महिन्याचे तास भरायची भ्रांत, त्यांच्याकडे नोबेलचं काय बोलायचं! वरच्या जागा कित्येक विभागांत रिकाम्याच. विद्यापीठाच्या वेबसाइटवरचे ईमेल पत्ते कधीच मेलेले. पाठवलेलं पत्र मिनिटभरात परत. एक सर भेटले, समाजशास्त्राचे, अगदी पात्र. म्हणाले, “विभागप्रमुखांची परवानगी लागेल.” विभागप्रमुख म्हणाले, “कुलसचिवांकडे अर्ज द्या, योग्य मार्गाने.” अहो, हा अधिकार नॉर्वेने तुम्हाला वैयक्तिक दिलाय! कुलसचिवांच्या कार्यालयात आवक क्रमांक मिळाला, तो अजून माझ्याकडे आहे. दुसरे सर ‘नॅकची भेट होऊ दे’ म्हणाले (नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था). ती झाली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता. पहिलं वर्ष तसंच गेलं.

मधल्या काळात खासदारांच्या कार्यालयातही गेले. आमदार चालत नाहीत, खासदार चालतात. स्वीय सहायकांनी चहा दिला, लेटरहेडवर झकास शिफारसपत्र दिलं, फोटो काढला. घरी येऊन वाचते तर पत्र जिल्हाधिकाऱ्यांना, ‘उचित कार्यवाहीस्तव’! नोबेल समितीचा फॉर्म ऑनलाइन असतो, तो साहेबांनी स्वतः भरायचा, हे मी परत जाऊन सांगितलं. “ताई, साहेब फॉर्म भरत नाहीत,” असं उत्तर मिळालं.

शेवटी दुसऱ्या विद्यापीठातल्या इतिहासाच्या एक असोसिएट प्रोफेसर बाई तयार झाल्या. कोणाची परवानगी वगैरे काही नाही. पण त्यांनी दोन प्रश्न असे विचारले की माझा चार पानी भावुक मजकूर तिथेच आडवा झाला. एक, यात शांततेचा संबंध काय? दोन, पुरस्कार नेमका कोणाला? तो एका वेळी जास्तीत जास्त तिघांना मिळतो, त्यात संस्था चालते, पण ‘आशा’ ही संस्था नाही, सरकारी योजनेतलं पद आहे. आशांच्या संघटना आहेत, पण एकीचं नाव घातलं की दुसरी रुसणार.

पहिल्याला १९९९ चा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत करणाऱ्या संस्थेचा पुरस्कार आणि २०२० चा जागतिक अन्न कार्यक्रमाचा, असे दाखले दिले. दुसऱ्याला उत्तर जपानमध्ये सापडलं. तिथल्या कानागावा प्रांतातल्या नाओमी ताकासू या गृहिणीने २०१३ मध्ये जपानी राज्यघटनेच्या युद्धत्यागाच्या नवव्या कलमालाच नोबेल द्या म्हणून ऑनलाइन मोहीम काढली होती. पुरस्कार कलमाला देता येत नाही, व्यक्तीला किंवा संस्थेला देता येतो, असं कळल्यावर त्यांनी ‘नववं कलम जपणारे जपानी लोक’ असं नाव केलं आणि २०१४ साली ते नामांकन स्वीकारलं गेलं. तेव्हा आम्हीही बेधडक ‘भारतातल्या आशा सेविका’ असंच लिहिलं.

फॉर्म भरायला बाईंना फार वेळ लागला नाही. मी शेजारी बसून होते, आणि खोटं कशाला बोलू, सबमिट झाल्यावर छाती फुगली.

लगेच पेढे मागणारे फोन सुरू झाले. त्यांना सांगून थकले की नामांकन हा सन्मान नाही. पात्र माणसाने मुदतीत नाव पाठवलं की ते होतं, दरवर्षी शेकडो होतात. समिती नावं पन्नास वर्षं उघड करत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र, यादी, निकालपत्रक काही मागू नका. ऑक्टोबरात एका शुक्रवारी नाव जाहीर होतं, तेवढंच कळतं.

आणि हो, प्रोफेसर शोधायला गणपती झाले की लागा, दिवाळीनंतर कोणी सापडत नाही. नामांकन त्या एका वर्षापुरतंच असतं, पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा. बाईंना मी आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांच्या विभागात यंदा बढत्या झाल्यात म्हणे, म्हणजे आणखी दोन असोसिएट वाढले.