साल्हेरच्या पायथ्याशी आकाशगंगा: आधी पक्ष बघा, मग अमावास्या

नाशिकहून आकाशगंगेचे फोटो काढायला जायचं म्हटलं की जो तो आधी अमावास्या शोधतो. अमावास्या चांगलीच, पण तिच्या हट्टापायी महिन्यातल्या बऱ्याच चांगल्या रात्री हातच्या जातात. ज्याला फक्त शनिवार-रविवार मोकळा, त्याच्या वाट्याला तर वर्षाकाठी दोन-चारच रात्री उरतात. बघायचं ते एवढंच, की आपल्याला हवा तो आकाशाचा भाग किती वाजता वर येतो आणि त्या वेळी चंद्र मावळलेला असतो का.

आकाशगंगेचं केंद्र, म्हणजे तिचा सगळ्यात दाट आणि उजळ भाग, वृश्चिकाच्या नांगीजवळ धनू राशीत आहे. आपल्याकडे ते फेब्रुवारीच्या मध्यावर पहाटे साडेतीनच्या सुमाराला उगवतं, मार्चच्या मध्यावर रात्री पावणेदोनच्या आसपास, एप्रिलच्या मध्यावर साडेअकरानंतर. म्हणजे दर महिन्याला साधारण दोन तास आधी. जूनमध्ये ते रात्रभर वर असतं, पण तोवर ढग आलेले असतात. मग थेट ऑक्टोबर. तेव्हा अंधार पडताना केंद्र नैऋत्येला असतं आणि दहापर्यंत मावळून जातं.

आता पंचांग उघडा. फाल्गुन-चैत्रात काम पहाटेचं असतं, म्हणून शुद्ध पक्ष धरावा. शुद्ध अष्टमीचा चंद्रसुद्धा एक-दीडपर्यंत मावळतो आणि पुढची पहाट पूर्ण अंधारी मिळते. पाडव्यापासून रामनवमीपर्यंतचे दिवस त्यामुळे सोन्यासारखे. उलट वद्य अष्टमीचा चंद्र ऐन कामाच्या वेळी डोक्यावर चढत असतो. ऑक्टोबरात काम संध्याकाळचं, तेव्हा वद्य पक्ष धरावा. संकष्टीला चंद्रोदय कधी हे घरात कुणालाही विचारा. त्यानंतर दोन दिवसांनी चंद्र दहाच्या पुढे उगवतो, तोवर आपलं आवरलेलं असतं.

शुद्ध पक्षाचा आणखी एक फायदा आहे. अमावास्येला साल्हेरसारखा गड म्हणजे नुसता काळा ढीग दिसतो. पंचमी ते अष्टमीचा चंद्र पश्चिमेकडे कलला की त्याचा तिरपा उजेड कातळकड्यांवर पडतो, घळी-सोंडा उठून दिसतात. गडाची फ्रेम त्या उजेडात घ्यायची, चंद्र मावळू द्यायचा आणि मग आकाशाच्या मागे लागायचं.

जागा म्हणून आम्ही बागलाणातला साल्हेर धरतो. त्र्यंबकच्या बाजूला नाशिक फारच जवळ, पूर्वेचं आकाश खालून पांढुरकं झालेलं असतं. भंडारदऱ्याला शनिवारी रात्री गेलात तर धरणाच्या काठानं तंबूंच्या रांगा, दिव्यांच्या माळा आणि स्पीकर. मधल्या वारी बरं असतं. साल्हेर नाशिकहून सव्वाशे किलोमीटरच्या घरात. आग्रा रोडनं सोग्रस फाट्यापर्यंत, तिथून देवळा, सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर आणि पुढे वाघांबे किंवा साल्हेरवाडी. साडेतीन तास धरावेत. पेट्रोल आणि रोख पैसे सटाण्यातच घ्यावेत, नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवावा.

साल्हेर १५६७ मीटर उंच. कळसूबाईनंतर राज्यात दुसरा नंबर. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे माथ्यावर तंबू ठोकायचा विचार सोडून द्यावा. तसंही माथ्यावर उभं राहिलं की गड फोटोत येत नाही. खालून येतो.

उजेडाचा हिशोब आधी मांडून घ्यावा. पश्चिमेला डांगचं जंगल, तिकडे अंधार चांगला. सुरतेकडचा उजेड पश्चिम-वायव्येला अगदी क्षितिजालगत. नाशिक दक्षिणेला, सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरवर, त्याचाही त्रास खालच्या काही अंशांपुरता. खरी अडचण सटाण्याची आहे. ते आग्नेयेला जेमतेम तीस किलोमीटरवर, त्याच्यामागे मालेगाव, आणि आकाशगंगेचं केंद्र उगवतं ते नेमकं त्याच बाजूला. म्हणून उगवल्या उगवल्या काढलेल्या फोटोंत खालचा भाग पिवळट येतो आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात. सव्वा तास थांबा. तेवढ्यात केंद्र पंधरा अंश वर येतं आणि उजेडातून सुटतं. फेब्रुवारीत हा सव्वा तास गेला की पहाट फुटायला तासभरच उरतो. मार्चमध्ये अडीच तास मिळतात, म्हणून मार्च. एप्रिल-मे कागदावर आणखी चांगले दिसतात, पण तेव्हा डोंगरांवर वणवे असतात, सुरगाणा-पेठकडे राब (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर जाळायचा पालापाचोळा) भाजलेले असतात आणि धुराचा थर दहा-पंधरा अंशांपर्यंत तारे गिळून टाकतो.

गावात चारच्या आत पोहोचावं. अंधारात जागा शोधू नये, आणि न विचारता कुणाच्या वावरात शिरू नये. रिकामं खळं मिळालं तर त्याच्यासारखी जागा नाही: जमीन चोपलेली, सपाट, घराच्या हाकेच्या अंतरावर. उन्हाळ कांद्याच्या वावराशेजारी तंबू टाकू नका. शेतीची थ्री-फेज लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. मग मोटर चालू करायला आणि पाणी फिरवायला माणसं बॅटरी घेऊन येतात, आणि ते त्यांचं काम आहे, त्यांना बॅटरी बंद करा म्हणायचा आपल्याला काही अधिकार नाही. अंगणातल्या बल्बचं मात्र जेवतानाच विचारून घ्यावं, लोक आनंदानं मालवतात. देवळापुढचा हायमास्ट बंद होत नसतो, तेव्हा मध्ये घर किंवा झाड येईल अशी जागा बघावी. जेवणाचं दुपारीच सांगून ठेवलं की भाकरी-पिठलं मिळतं. स्वतः शेकोटी पेटवू नका. धूर भिंगावर बसतो, उजेड फ्रेममध्ये येतो आणि मार्चमधल्या वाळल्या गवताचा काही भरवसा नाही. बिबट्याचा वावर जिल्ह्यात सगळीकडे आहे. उरलंसुरलं अन्न गाडीत ठेवावं, लघवीलासुद्धा एकट्यानं लांब जाऊ नये, आणि बूट घालण्यापूर्वी झटकावेत.

जागा ठरवताना कोन मोजावा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश झाकते. गडाचा माथा दोन किलोमीटरवर आणि आपल्यापेक्षा आठशे मीटर वर असेल तर तो बावीस अंशांवर येतो, म्हणजे दोन मुठींहून थोडा जास्त. केंद्र दक्षिणेला सगळ्यात वर येतं तेव्हा चाळीस अंशांवर असतं. म्हणजे गड आग्नेय ते दक्षिण या पट्ट्यात ठेवला तर तो खाली आणि आकाशगंगा वर, दोन्ही नीट बसतात. ताऱ्यांची वर्तुळं हवी असतील तर गड उत्तरेला घ्यावा लागतो, आणि इथे गंमत होते. ध्रुव आपल्याकडे साडेवीस अंशांच्या आसपासच असतो, म्हणजे दोन किलोमीटरवरून तो नेमका गडामागे लपतो. एक किलोमीटर मागे सरका. माथा पंधरा अंशांवर उतरतो आणि ध्रुव वर मोकळा राहतो.

ट्रायपॉड नांगरलेल्या जमिनीवर ठेवला की पाय हळूहळू खचतात आणि तासाभराच्या फ्रेम्स एकमेकींवर बसत नाहीत. बांधावर किंवा खळ्यावर ठेवावा, पाय दाबून घ्यावेत, मधला दांडा वर काढू नये, खालच्या आकड्याला बॅग अडकवावी. बॅग जमिनीला टेकेल इतपतच लोंबू द्यावी, नाहीतर वाऱ्यानं तीच झोके घेते आणि ट्रायपॉड हलवते. पट्टा कॅमेऱ्याचा असो वा बॅगेचा, फडफडणारं सगळं काढून टाकावं.

आता कॅमेरा. क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमहून लहान), २४ मेगापिक्सेल, १६ मिमी एफ २.८ लेन्स धरू. तारे लांबू नयेत म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवावं, याचा पाचशेचा नियम (५०० भागिले लेन्सची फुल-फ्रेम लांबी, इथे २४) वीस सेकंद देतो. तो नियम फिल्मच्या दिवसांतला आहे. आकाश सेकंदाला १५ विकला (एक अंश म्हणजे ३६०० विकला) सरकतं. या जोडीवर एक पिक्सेल सुमारे ५० विकलांचा, म्हणजे वीस सेकंदांत तारा सहा पिक्सेल लांबतो. मोबाईलवर कळत नाही, छापलं की कळतं. बारा सेकंद ठेवा, चारच्या आत राहतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ २.८, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन, फाइल रॉ (जेपेग नव्हे). किट लेन्सचं एफ ३.५ असेल तर आयएसओ ६४०० करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद, कारण ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ खातं आणि ताऱ्यांच्या रेषांत फटी पडतात. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, आणि फोटो बरा आलाय का ते स्क्रीनवरून नको, हिस्टोग्रामवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावरून ठरवा. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कमी उजेडाचा फोटोही झक्क दिसतो. आलेखाचा उंचवटा डाव्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा.

फोकस हीच खरी मेख. लेन्सवरची अनंताची खूण विश्वासाची नसते. मॅन्युअल फोकस, लाइव्ह व्ह्यू, दहापट मोठं करून एखादा ठळक तारा धरा. मार्चमध्ये संध्याकाळी व्याध, रात्री स्वाती. रिंग फिरवत न्या, तारा लहान होत जाईल, मग पुन्हा फुगायला लागेल. मागे येऊन सगळ्यात बारीक ठिपक्यावर थांबा आणि रिंगवर पांढरी मेडिकल टेप लावा. इन्सुलेशन टेपचा गोंद मागे राहतो. रात्री दोननंतर गारवा वाढला की फोकस थोडा सरकतो, म्हणून तासाभरानं टेप काढून पुन्हा बघावं.

एका फोटोवर भागवू नका. तेच सेटिंग, सोळा फोटो लागोपाठ. ते सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसवले, म्हणजे स्टॅक केले, की आवाज, म्हणजे फोटोतले दाणे, चौथ्या हिश्शावर येतात. लगेच झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांच्या पंधरा-वीस काळ्या फ्रेम्स घ्या. घरी येऊन घेतल्या तर सेन्सरचं तापमान वेगळं पडतं आणि गरम पिक्सेल (सेन्सरवर उगाच उजळणारे ठिपके) त्या फ्रेम्सनी नीट वजा होत नाहीत. विंडोजवर सिक्वेटर फुकट मिळतं, त्यात आकाश आणि जमीन वेगळी आखून देता येते. विमानं आणि संध्याकाळचे उपग्रह स्टॅकमध्ये निघून जातात, त्यासाठी फोटो टाकून देऊ नका.

गडाची फ्रेम चंद्रप्रकाशात घेतली नसेल तर दुसरा रस्ता पहाटेचा. केंद्राचे फोटो झाले की ट्रायपॉड अजिबात न हलवता थांबा. सूर्योदयाच्या पाऊणएक तास आधीच्या निळसर उजेडात आयएसओ ४०० ला गड घ्या. टॉर्चनं गड उजळायच्या भानगडीत पडू नका, आठशे मीटरच्या कड्याला टॉर्च पुरत नाही. तंबू मात्र आतून उजळायचा असेल तर मोबाईलच्या स्क्रीनचा सगळ्यात मंद उजेड बारा सेकंदांना भरपूर होतो. हेडलँप लावला की तंबू जळून पांढरा होतो.

दवाचा त्रास मार्चपेक्षा ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त. निरभ्र रात्री लेन्सची काच आकाशाकडे उष्णता टाकत राहते, भोवतालच्या हवेहूनही गार होते, आणि पावसाळ्यानंतरच्या ओल्या वावरात तासाभरात धुरकटते. लक्षण ओळखा: तारे हळूहळू फुगतात, भोवती वलयं येतात, फ्रेम मंद होत जाते. दोन फोटोंच्या मध्ये टॉर्च बाजूनं धरून काच बघत जा. पुसू नका, फुंकर तर मुळीच नको, श्वासातच ओल असते. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला आधीपासूनच गुंडाळावा. पाच वॉटचा पट्टा दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेवर पाच-सहा तास जातो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या किमान तीन, खिशात अंगाच्या उबेला. सकाळी कॅमेरा उबदार गाडीत न्यायच्या आधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे ओल पिशवीवर धरते, सेन्सरवर नाही.

उजाडलं की तंबू लगेच घडी करू नका, उन्हात उलटा टाकून वाळू द्या. खळ्यावर पडलेले खुंट, टेपचे तुकडे, बिस्किटांचे कागद उचलून, घरधन्याचे जेवणाचे आणि जागेचे पैसे न मागता देऊन निघावं. चैत्रात परतत असाल तर देवळ्याच्या आसपासच्या रस्त्यांवर खानदेशातून वणीच्या चैत्रोत्सवाला निघालेले पायी भाविक असतात, बऱ्याचदा उन्हाच्या आधीच चालणारे आणि रस्त्याच्या कडेनं. रात्रभर जागून त्या रस्त्यावर गाडी घालू नका. खळ्यावर दोन-तीन तास झोप काढा आणि मगच स्टिअरिंगला हात लावा.