तुम्ही विचारलंत म्हणून: ज्युरी ड्यूटीचं समन्स आलं, आता काय करायचं?

प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "कोर्टाचं पाकीट आलंय. ज्युरी ड्यूटी. ही टाळता येते का हो?" विचारणारे कधी नुकतेच नागरिक झालेले असतात, कधी भारताची तिकिटं काढून बसलेले, आणि कधी तर अजून ग्रीन कार्डावरच असतात. (ज्युरी ड्यूटी म्हणजे अमेरिकेत खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळावर, ज्युरीवर, बसण्याची पाळी.) तिघांना उत्तरं वेगळी आहेत. कायदे राज्यागणिक बदलतात, म्हणून इथे मुख्यतः कॅलिफोर्नियाबद्दल लिहिलं आहे. फ्रीमाँट, सनीवेल, सॅन होजे भागातून हा प्रश्न सर्वात जास्त येतो.

आधी पाकीट नीट पाहा. त्यावर 'सुपिरियर कोर्ट ऑफ कॅलिफोर्निया' आणि तुमच्या कौंटीचं (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) नाव असेल तर ते राज्याचं कोर्ट. 'युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट' असेल तर ते फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं. फेडरल कोर्टाचा जिल्हा कित्येक कौंट्यांचा मिळून असतो, त्यामुळे जायचं अंतर जास्त पडू शकतं. मानधन मात्र तिथे बरं आहे: दिवसाला ५० डॉलर, आणि खटला दहा दिवसांपुढे गेला तर ६० पर्यंत. कॅलिफोर्नियाच्या कोर्टात सर्वसाधारणपणे पहिल्या दिवसाचे काहीच मिळत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर आणि मैलामागे ३४ सेंट मिळतात. एवढ्यात पार्किंग आणि जेवण भागलं तरी पुष्कळ, हे मान्यच करायला हवं.

आता ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असणाऱ्यांबद्दल, कारण खरा धोका त्यांनाच आहे. "आम्ही नागरिकच नाही, मग आमचं नाव गेलं कसं?" असं ते विचारतात. कॅलिफोर्नियात ज्युरीची यादी तीन ठिकाणांहून येते: मतदारयादी, ड्रायव्हिंग लायसन्स आणि ओळखपत्रांची डीएमव्हीची (राज्याच्या वाहन खात्याची) यादी, आणि २०२२ पासून राज्याला आयकर भरणाऱ्यांची यादी. लायसन्स आहे, कर भरता, म्हणून नाव आलं. यात तुमची काही चूक नाही. चूक पुढे होते, दोन प्रकारे. काहीजण "आपल्याला लागू नाही" म्हणून कागद फेकून देतात, मग दुसरी नोटीस येते. आणि काहीजण घाईघाईत 'मी नागरिक आहे' या ओळीवर खूण करून मोकळे होतात. ही दुसरी चूक महागात पडते. नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४०० भरताना, "आपण कधी अमेरिकन नागरिक असल्याचं सांगितलं आहे का?" हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. तेव्हा फॉर्मवर 'नागरिक नाही' ही खूण करा, सही करा, मुदतीत पाठवा आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. काम तिथेच संपतं.

नागरिक असलेल्या आजी-आजोबांचा प्रश्न वेगळा. ५५ वर्षं पूर्ण आणि ग्रीन कार्डावर १५ वर्षं राहिलेल्यांना (किंवा ५० आणि २०) नागरिकत्वाची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. त्यामुळे मराठीतून परीक्षा देऊन नागरिक झालेल्या आजींना इंग्रजी बेताचंच येत असेल आणि तरी समन्स येतं. फॉर्मवर 'पुरेसं इंग्रजी येत नाही' असा पर्याय असतो, तो अशांसाठीच आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. शिवाय सत्तरी ओलांडलेल्यांना प्रकृतीच्या कारणाने सूट मागायची असेल तर कॅलिफोर्नियात डॉक्टरांचं पत्र लागत नाही. पण वीस वर्षं इथे कंपनीत मीटिंग घेणाऱ्याने 'पुरेसं इंग्रजी येत नाही' हा पर्याय निवडू नये. फॉर्मवरची सही खोटं बोलल्यास शिक्षेच्या अटीवर केलेली असते, आणि आपला मराठी हेल म्हणजे इंग्रजी न येणं नव्हे.

बाकीच्यांसाठी, म्हणजे पात्र आणि धडधाकट लोकांसाठी, एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: सूट मिळवणं अवघड आहे, तारीख पुढे ढकलणं सोपं. तारीख बदलायला सहसा कारणाचा पुरावाही लागत नाही. समन्सवर ज्युरर (ज्युरीचा सदस्य) म्हणून तुमचा नंबर आणि पिन असतो, तो कौंटीच्या ज्युरी पोर्टलवर टाकला की दुसरी तारीख निवडता येते. किती पुढची तारीख मिळते आणि किती वेळा बदलता येते, ते कौंटी ठरवते. पहिली संधी फुकट घालवू नका. मुलांच्या सुट्ट्या, तिमाहीचा शेवट, भारतवारी हे सगळं कॅलेंडरवर बघून मगच तारीख निवडा. अनेकजण घाबरून सर्वात लांबची तारीख घेतात आणि ती नेमकी डिसेंबरच्या तिकिटांवर येऊन आदळते. नाताळच्या आठवड्याच्या आसपास नवे खटले सहसा कमी सुरू होतात. पण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यावर त्या भरवशाने जाऊ नका.

सूट कोणत्या कारणांनी मिळते, हे राज्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. घरापासून कोर्टापर्यंत दीड तासाहून जास्त प्रवास, वाहनाची कोणतीच सोय नसणं, पोटावर पाय येईल इतका आर्थिक ताण, आजारपण किंवा अपंगत्व, आणि घरातल्या लहान मुलाची किंवा आजाऱ्याची देखभाल करायला दुसरं कोणीच नसणं. अंगावर दूध पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत मुदत मागता येते. "प्रोजेक्टची डेडलाइन आहे" हे यात कुठेच बसत नाही. "मी डॉक्टर आहे", "माझं दुकान आहे" यावरही आपोआप सूट नाही. दुकान तुम्ही एकटेच चालवत असाल आणि ते बंद राहिल्याने भाडं थकणार असेल, तर मात्र आर्थिक ताणाचं कारण खरं आहे. तसं असेल तर आकडे लिहून द्या: रोजचा गल्ला किती, माणसं किती, भाडं किती. "खूप नुकसान होईल" एवढंच लिहिलेले अर्ज परत येतात.

नोकरी करणाऱ्यांची भीती साहेबाची असते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे ज्युरीसाठी गेलात म्हणून तुम्हाला काढता येत नाही की त्रास देता येत नाही. तुमच्याकडून अपेक्षा एवढीच, की वाजवी वेळ आधी कळवायचं. म्हणून समन्स आल्या दिवशीच त्याची प्रत एचआरला आणि मॅनेजरला ईमेल करा. पगार देण्याची मात्र खासगी कंपनीवर या राज्यात सक्ती नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये पहिल्या तीन दिवसांचा पगार मालकाने द्यावा लागतो, तसं इथे नाही. तरी एक फेडरल नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: ओव्हरटाइम न मिळणारे पगारी कर्मचारी त्या आठवड्यात थोडंफार जरी काम करत असतील, तर ज्युरीच्या गैरहजेरीपोटी त्यांचा पगार कापता येत नाही. ज्युरीचं मानधन तेवढं वळतं करून घेता येतं. शिवाय कंपनीच्या नियमपुस्तिकेत 'ज्युरी ड्यूटी लीव्ह' शोधा. बऱ्याच मोठ्या कंपन्या काही दिवस भरपगारी देतात आणि लोक उगाच आपली रजा खर्च करून बसतात.

प्रत्यक्षात बहुतेकांना कोर्टात जावंच लागत नाही, किंवा एकच दिवस जावं लागतं. पद्धत 'एक दिवस किंवा एक खटला' अशी आहे. समन्सवर तुमचा गट क्रमांक असतो. आदल्या संध्याकाळी, साधारण पाचनंतर, वेबसाइटवर किंवा फोनवर बघायचं की आपल्या गटाला बोलावलंय का. नसेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी बघायचं. बऱ्याच कौंट्यांत हे आठवडाभर चालतं, आणि आठवडा संपेपर्यंत बोलावणं आलं नाही तर सेवा पूर्ण झाली असं धरलं जातं. गोंधळ इथेच होतो: सोमवारी गट नव्हता म्हणून लोक मंगळवारची खात्री करत नाहीत आणि गैरहजर ठरतात. त्या आठवड्यासाठी फोनमध्ये रोज संध्याकाळी साडेपाचचा गजर लावा.

गेलात तर सुरक्षातपासणीला विमानतळासारखी रांग असते, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवा. पिशवीत सुरी, कात्री नको. डब्यासोबतची फळं कापायची छोटी सुरीसुद्धा अडते. डबा मात्र न्या. शाकाहारी जेवणाची कोर्टाच्या आसपास खात्री नसते आणि दुपारची सुट्टी साधारण तास-दीड तासाची. प्रतीक्षेच्या खोलीत लॅपटॉप चालतो. कोर्टरूममध्ये फोन पूर्ण बंद. एक जाडजूड पुस्तक आणि एक स्वेटर सोबत असू द्या, एसी फार गार असतो.

नाव पुकारलं गेलं की न्यायाधीश खटला कशाबद्दल आहे आणि किती दिवस चालेल याचा अंदाज सांगतात. अडचण सांगायची खरी वेळ तीच. खटला तीन आठवड्यांचा असेल आणि तुमची शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तिकिटं काढलेली असतील, तर तेव्हाच कागदासह सांगा. निवड झाल्यावर सांगितलेल्या अडचणीला फार किंमत उरत नाही. मग वकील आणि न्यायाधीश प्रश्न विचारतात: काय काम करता, घरात कोणी पोलीस आहे का, कधी चोरी-मारहाण सोसली आहे का. काही सांगणं अवघड असेल तर "न्यायाधीशांशी एकांतात बोलायचं आहे" असं म्हणता येतं. सुटका व्हावी म्हणून "माझं मत आधीच ठरलंय" असं खोटं बोलू नका. तुम्ही शपथेवर असता, आणि न्यायाधीशांनी अशी वाक्यं हजारदा ऐकलेली असतात.

"आपण परदेशातून आलेले, आपल्याला कोण घेणार?" हा समज जुना झाला. वकिलाला कारण न देता काही जणांना वगळता येतं, पण २०२२ पासून कॅलिफोर्नियाच्या फौजदारी खटल्यांत वंश किंवा मूळ देशावरून असं वगळण्याला कायद्याने चांगलाच चाप लावला आहे. ज्युररची मातृभाषा इंग्रजी नाही, हे कारणसुद्धा सकृद्दर्शनी गैर धरलं जातं.

हा कायदा मराठी माणसाला जास्त कळावा, कारण ज्युरीत कोण बसतं याने काय होतं ते आपण पाहिलं आहे. टिळकांवर मुंबई हायकोर्टात १८९७ साली राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ जणांच्या ज्युरीत सहा युरोपियन होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला, दोषी. १९०८ साली सात युरोपियन आणि दोन पारशी होते. निकाल सात विरुद्ध दोन, पुन्हा दोषी, आणि मंडालेची सहा वर्षं. पुढे १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने त्यांना आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं आणि हायकोर्टाने ते फिरवलं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरी उरलीच नाही. आज भारतात तिची आठवण म्हणून पारशी विवाहविषयक खटल्यांतले पाच डेलिगेट (निवाड्यात भाग घेणारे समाजाचे प्रतिनिधी) राहिले आहेत. कॅलिफोर्नियात फौजदारी खटल्यात बाराच्या बारा जणांचं एकमत लागतं, म्हणजे टिळकांच्या वेळचे ते तीन किंवा ते दोन इथे निकाल अडवू शकले असते. तुमची खुर्ची रिकामी राहिली की तिथे दुसरं कोणीतरी बसतं. मी प्रत्येकाला सांगते की तारीख हवी तर बदला, पण जा.

निवड झालीच तर नियम कडक आहेत. खटल्याबद्दल नवऱ्याशी-बायकोशीही बोलायचं नाही, गूगल करायचं नाही, घटनेची जागा नकाशावर बघायची नाही. यातलं काही केलं तर खटला रद्द होऊन सगळं पहिल्यापासून करावं लागू शकतं. आणि एक खास आपल्यासाठी: साक्षीदार मराठी किंवा हिंदीत बोलला आणि तुम्हाला ते कळत असलं, तरी पुरावा म्हणजे दुभाष्याचं इंग्रजी भाषांतर. चूक वाटली तर बाकी ज्युररना समजावून सांगायचं नाही. चिठ्ठी लिहून कोर्टाच्या कर्मचाऱ्याकडे द्यायची.

समन्स हुकलं असेल, उदाहरणार्थ दोन महिने पुण्यात होतात, तर आल्याबरोबर ज्युरी ऑफिसला स्वतः फोन करा आणि नवी तारीख घ्या. कॅलिफोर्नियात गैरहजेरीला १,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण स्वतःहून कळवणाऱ्याशी बहुधा समजुतीने वागतात. लांब जाताना टपाल खात्याच्या 'होल्ड मेल'वर विसंबू नका, ते फक्त ३० दिवसांचं असतं. शेजाऱ्यांना पेटी बघायला सांगा, किंवा पाकिटांचे फोटो ईमेलवर पाठवणारी 'इन्फॉर्म्ड डिलिव्हरी' ही टपाल खात्याची मोफत सोय सुरू करा.

मात्र उलटा फोन तुम्हाला आला, "तुम्ही ज्युरी चुकवली, वॉरंट निघालंय, आत्ता गिफ्ट कार्डने किंवा झेलवरून (Zelle, पैसे पाठवायची सोय) पैसे भरा" असा, तर लगेच ठेवून द्या. कोर्ट फोनवर दंड वसूल करत नाही आणि सोशल सिक्युरिटी नंबर विचारत नाही. आईबाबांना हे आजच सांगून ठेवा.

काम झालं की निघताना हजेरीचं प्रमाणपत्र मागून घ्या. एक प्रत एचआरला द्या, एक घरी ठेवा, कारण पुढचे निदान बारा महिने या सेवेमुळे तुम्हाला सूट आहे आणि तेवढ्यात नवं समन्स आलं तर हाच कागद जोडायचा असतो. मानधनाचा चेक नंतर टपालाने येतो. ती रक्कम करपात्र आहे, फेडरल आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल १ वर तिची वेगळी ओळ आहे. पगार चालू असल्याने ती कंपनीला द्यावी लागली असेल, तर त्याच शेड्यूलच्या दुसऱ्या भागात तेवढी वजावट घ्यायला विसरू नका.